पुढच्याची ठेच आणि मागच्याचे शहाणपण
(बांधकामाच्या तपशील-नकाशांचा संगणकातील संग्रह या विषयावरील व्याख्यान)



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की डोळ्यांपुढे प्रथम शिखर येते, कळस येतो, सभामंडपाचे खांब येतात. परंतु कोणतीही वास्तू टिकते ती सहसा नजरेत न भरणाऱ्या लहान लहान जागांवर. गच्ची आणि कठडा जेथे मिळतात तो कोपरा, दगडावर दगड बसतो तो सांधा, पन्हळीचे तोंड, छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडण्यासाठी ठेवलेली खाच, दाराची चौकट भिंतीत रुतते ती जागा, या त्या जागा होत. वास्तू गळते ती येथून, तडकते ती येथून, आणि पुष्कळदा कोसळते तीही येथूनच. अशा एकेका जागेचा मोठ्या मापात काढलेला नकाशा म्हणजे तपशील-नकाशा. वास्तुविशारदाच्या कचेरीत आणि बांधकामावरही त्याला सर्रास ‘डिटेल’ म्हणतात.

एकाच कचेरीतून शाळा, दवाखाना, गोदाम, राहते घर अशा नाना इमारतींचे नकाशे निघतात. इमारती वेगळ्या असल्या तरी गच्चीचा कोपरा बहुधा तोच असतो. गच्चीला शंभर फुटांस निदान एक फूट उतार, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, कोपऱ्यात गवंडी ज्याला वाटा म्हणतात तो गोलावा, आणि तो थर कठड्यावर फूटभर वर चढवलेला, एवढा त्याचा मामला. हा कोपरा दर वेळी नव्याने कशाला काढावा? एकदा विचारपूर्वक काढावा, जाणत्याकडून तपासून घ्यावा, जपून ठेवावा आणि लागेल तेथे वापरावा. अशा प्रमाणभूत तपशिलांचा संग्रह पूर्वी ट्रेसिंग कापडावर काढून कचेरीच्या सपाट खणांत ठेवीत. आज तो संगणकात ठेवतात. तो कसा उभारावा, त्याचा लाभ कोणता आणि त्यात धोका कोठे दडलेला आहे, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

ही कल्पना आजची नव्हे. आपल्याकडे शिल्पशास्त्राचे ग्रंथ होते आणि सूत्रधारांची घराणी मापे व सांधे पिढ्यान् पिढ्या तोंडी जपत आली. चीन देशात सुंग राजवटीत ली जिए नावाच्या अधिकाऱ्याने ‘यिंगझाओ फाशी’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि तो ११०३ साली राजाज्ञेने छापून निघाला. सरकारी बांधकामाला लाकूड किती, मजूर किती याला काही नियम असावा, उधळपट्टीस आळा बसावा, हा त्यामागचा एक मोठा हेतू. त्यात लाकडाच्या आठ प्रती ठरवून दिल्या आहेत. प्रत कोणतीही घ्या, प्रमाण लाकडाच्या काटछेदाची उंची पंधरा भाग आणि रुंदी दहा भाग. बाकीच्या घटकांची मापे याच भागांत सांगायची. त्यामुळे लहान मंडप असो की मोठे राजमंदिर, सांध्याचा नियम एकच राही आणि आकार तेवढा लहानमोठा होई. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये खिडकीची रुंदी बदलली की चौकट, झडपा आणि तावदाने आपोआप त्या मापाची होतात. त्याचे बीज हेच आहे.

संगणकाच्या बाजूने पाहिले तर या कथेचा आरंभ १९६३ सालचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने ‘स्केचपॅड’ नावाची योजना आपल्या प्रबंधासाठी तयार केली. प्रकाश-लेखणीने पडद्यावर रेघा ओढून चित्र काढता येई. त्यात एक विलक्षण सोय होती. एक मूळ आकृती काढायची आणि तिच्या हव्या तितक्या प्रती चित्रात ठेवायच्या. मूळ आकृतीत दुरुस्ती केली की सर्व प्रती आपोआप दुरुस्त होत. पुढे १९८२ साली ऑटोकॅड बाजारात आले. त्यातील ‘ब्लॉक’ हा याच कल्पनेचा वंशज. आर्किकॅड, रेव्हिट आदी सॉफ्टवेअरमध्येही दारे, खिडक्या, सांधे यांचे असे तयार घटक भरून ठेवता येतात.

आता संग्रह उभारण्याच्या रीतीकडे वळू. ही रीत ऐकताना कोणास घरच्या फडताळाची आठवण झाली तर ती अस्थानी नव्हे.

पहिली गोष्ट निवड. हाती लागेल तो नकाशा संग्रहात टाकला तर ते भांडार न राहता अडगळीची खोली होते. जो तपशील वारंवार लागतो तोच घ्यावा, आणि तोही प्रत्यक्ष बांधला गेलेला, निदान दोन पावसाळे काढलेला असावा. कागदावर सुबक दिसणारा सांधा आषाढाच्या सरीत कसा वागतो, हे आषाढच सांगतो. नीट तपासलेले शंभर तपशील हे न तपासलेल्या दोन हजारांहून अधिक मोलाचे.

दुसरी गोष्ट शिस्त. पाया, जोते, भिंत, दारे-खिडक्या, छप्पर, पाण्याचा निचरा असे इमारतीच्या अंगांप्रमाणे विभाग करावेत. प्रत्येक तपशिलास क्रमांक द्यावा आणि एका फाइलीत एकच तपशील ठेवावा. रेघांची जाडी, अक्षरांची उंची आणि नकाशाचे माप सर्वत्र एकसारखे असावे. नकाशात बसवताना कोणता बिंदू धरून बसवायचा, तोही ठरलेला असावा. नाव असे द्यावे की उद्या कचेरीत आलेल्या नवख्या मुलालाही शोधता येईल. ‘नवीन’, ‘शेवटचा’, ‘अगदी शेवटचा’ अशी नावे दिलेल्या फाइली कचेऱ्यांतून आढळतात. त्यांतील खरा शेवटचा कोणता, हे पुढे नाव देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. प्रत्येक तपशिलाबरोबर त्याचे कारण लिहून ठेवावे. हा सांधा असा का केला? तो कोठे वापरावा? आणि विशेषतः कोठे वापरू नये? कोणी काढला, कोणी तपासला, कोणत्या तारखेस दुरुस्त झाला? एवढी टिपणे जवळ असतील तरच तो नकाशा म्हणजे ज्ञान. टिपणे नसतील तर त्या नुसत्या रेघा.

आपल्याकडे म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. तपशिलांचा संग्रह म्हणजे अशा असंख्य ठेचांची नोंदवही होय. कोठे तरी गच्ची गळली तेव्हा कोपऱ्यात वाटा आला. कोठे तरी भिंतीवर ओघळ उठले तेव्हा छज्ज्याखाली खाच आली. परंतु मागचा शहाणा होतो तो केव्हा? पुढच्याला ठेच कशामुळे लागली हे कळले तर. ते न कळता तो नुसता पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवीत गेला, तर त्याच दगडाला त्याचेही बोट फुटणार.

दुसरी म्हण आठवते ती येथेच, मक्षिकास्थाने मक्षिका. पोथीची नक्कल करणाऱ्या एका लेखकाला मूळ पानावर मेलेली माशी चिकटलेली दिसली. त्याने एक माशी मारली आणि आपल्या नकलेत नेमकी त्याच जागी चिकटवली. संगणकाने ही माशी चिकटवणे फार सोपे करून ठेवले आहे. पूर्वी नकाशा हाताने उतरवून काढताना आरेखकाचा हात प्रत्येक रेघेवरून फिरे, आणि एखादी रेघ पटली नाही तर तो थबके. आता दोन कळा दाबल्या की आख्खा सांधा येऊन बसतो. हात थबकत नाही, म्हणून मनही थबकत नाही.

आपल्या महाराष्ट्रातीलच उदाहरण घ्या. कोकणपट्टीत वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, मराठवाड्यात त्याच्या चौथाईच्या आसपास. कोकणात जांभा दगड, देशावर काळा बेसाल्ट. कोठे मुरूम हाताशी लागतो, तर कोठे काळी माती, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरमावरच्या घरासाठी काढलेला पायाचा तपशील कोणी काळ्या मातीतल्या घराच्या नकाशात जसाच्या तसा ठेवला, तर नकाशा सुंदर दिसेल, मंजूरही होईल, पण दोन-चार वर्षांत भिंतीला तिरपा तडा जाऊ शकेल. दोष संगणकाचा नव्हे आणि मूळ नकाशाचाही नव्हे. ‘काळ्या मातीत वापरू नये’ ही एक ओळ लिहायची राहिली, दोष तेथे आहे.

तपशील बदलताना त्याचे कारण विसरले गेले तर काय होते, याचा एक दारुण दाखला जगभर अभियंत्यांना शिकवला जातो. अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात हयात रीजन्सी हॉटेलाच्या दालनात वरून लोंबत्या सळयांवर पादचारी पूल टांगलेले होते. चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा पूल होता. मूळ नकाशात छतापासून निघालेली एकच अखंड सळई दोन्ही पुलांतून खाली जात होती. ती बसवणे अवघड, म्हणून बदल झाला. छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत एक सळई, आणि त्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत दुसरी. नकाशावर हा बदल अगदी किरकोळ दिसतो. परंतु विहिरीत सोडलेल्या दोराला दोन माणसे लोंबकळत आहेत अशी कल्पना करा. दोघांनीही दोर धरला असेल तर प्रत्येकाच्या मुठीवर त्याचा त्याचाच भार येतो. खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर वरच्याच्या मुठीवर दोघांचाही भार येतो. त्या हॉटेलात वरच्या पुलाखालच्या नटावर नेमका असाच दुप्पट भार आला. मुळातला सांधाही पुरेसा भक्कम नव्हता असे नंतरच्या चौकशीत दिसून आले, आणि बदललेल्या सांध्याचे गणित कोणी पुन्हा मांडलेच नव्हते. १७ जुलै १९८१ च्या सायंकाळी दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. एवढा अनर्थ एका सळईच्या तपशिलातून झाला.

म्हणून संग्रहातील तपशील कोणीही उठून बदलावा, अशी मोकळीक असू नये. बदल सुचवण्याचा अधिकार सर्वांना असावा, अगदी कामावरच्या गवंड्यालाही. परंतु बदल नोंदण्याचा अधिकार तपासणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीकडे असावा.

येथे संगणकाविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मूळ आकृती सुधारली की सर्व प्रती सुधारतात, हे एका फाइलीच्या आत खरे आहे. परंतु संग्रहातून घेतलेला ब्लॉक एकदा दुसऱ्या कामाच्या फाइलीत जाऊन बसला, की तो तेथला रहिवासी होतो. संग्रहातला मूळ सुधारला तरी त्या फाइलीतला जुनाच राहतो. तो मुद्दाम पुन्हा आणून बसवावा लागतो. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्येही घटक त्या कामात पुन्हा भरावा लागतो. जो तपशील छापून बांधकामावर गेला, त्याला तर कोणतेच यंत्र परत बोलावू शकत नाही. म्हणून कोणता तपशील कोणत्या कामास दिला याची वही ठेवणे अगत्याचे आहे. चूक सापडली की त्या वहीवरून प्रत्येक कामाला निरोप गेला पाहिजे. ज्या संग्रहाला अशी वही नाही, तो चुकाही तितक्याच वेगाने वाटीत सुटतो.

वारकऱ्यांच्या महाराष्ट्रात ही गोष्ट समजावून सांगण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रती गावोगाव होत गेल्या आणि तीनशे वर्षांच्या अवधीत त्यांत अपपाठ शिरले. कोणाचा हस्तदोष, कोणाची पदरची भर. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, प्रती ताडून पाहिल्या, अशुद्ध पाठ दूर केले, शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. मूळ प्रत निश्चित करणे, ती शुद्ध करणे, आणि पुढे तिला कोणाचा हात लागू नये अशी व्यवस्था करणे, ही तिन्ही कामे नाथांनी केली. आजच्या कचेरीतील तपशील-संग्रहाला याहून निराळा नियम लागत नाही. फरक इतकाच की नाथांनी शुद्ध केला तो अध्यात्माचा ग्रंथ होता, आणि येथे शुद्ध करायचा आहे तो दगड-विटांचा.

आता शेवटची आणि मनाला चटका लावणारी गोष्ट. तपशील शुद्ध असूनही तो योग्य हातांत पोहोचला नाही तर काय होते, हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे ८,००० माणसे झोपेतच गेली. बहुतेक घरे जाड दगडी भिंतींची, चिखलात बांधलेली, वर मातीचे जड माळवद. अशी जाड भिंत म्हणजे बाहेरून एक दगडी पडदा, आतून दुसरा आणि मध्ये खडी-चिपांचा भराव. दोन्ही पडदे एकमेकांस बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड जागोजाग घातलेला नसेल, तर हादरा बसताच भिंत उभी फाटते. एक पडदा बाहेर पडतो, दुसरा आत, आणि माळवद खाली येते.

हा आरपार दगड कोणी नव्याने शोधून काढलेला नाही. जाणते पाथरवट तो फार पूर्वीपासून घालीत आले आहेत. १९९३ सालच्याच आयएस १३८२८ या भारतीय मानकात तर मापही दिले आहे. उंचीत दर ६० सेंटिमीटरला, आणि आडव्या अंतरात १.२ मीटरहून लांब नाही, असे हे दगड असावेत. म्हणजे भिंतीच्या पुरुषभराहूनही कमी लांबीत निदान एक दगड. खर्च म्हणावा तर जवळजवळ नाही, फक्त लांब दगड निवडण्याची तसदी. भूकंपानंतर ज्या जुन्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, त्यांत आरपार भोक पाडून, सळई घालून, काँक्रीट भरून हीच बांधणी मागाहून करता येते हेही दाखवून देण्यात आले. ज्ञान होते, मापही होते. ते प्रत्येक गावच्या गवंड्याच्या हातापर्यंत पोहोचलेले नव्हते.

यावरून संग्रहाचे अंतिम प्रयोजन ध्यानात येते. संगणकात कुलूपबंद राहिलेला उत्तम तपशील हा पेवात ठेवून दिलेल्या बियाण्यासारखा आहे. तो शेतात पडला पाहिजे. नकाशावरील टीप गवंड्याला कळेल अशा मराठीत असली पाहिजे. मापाबरोबर चित्र असले पाहिजे. आणि ‘हे असे का?’ असे गवंड्याने विचारले तर त्याचा अवमान न करता उत्तर देणारा माणूस कामावर असला पाहिजे. ज्या दिवशी त्या प्रश्नाचे उत्तर कचेरीत कोणालाच देता येणार नाही, त्या दिवशी तो तपशील संग्रहातून काढून पुन्हा तपासावा, हे उत्तम.

सज्जनहो, या विषयात खेड्यालाही करण्यासारखे पुष्कळ आहे. गावोगावची मुले आज आयटीआयमध्ये स्थापत्य आरेखकाचा अभ्यासक्रम घेतात आणि शहरांतील कचेऱ्यांत संगणकावर नकाशे काढतात. त्यांनी आयता तपशील उचलताना क्षणभर थबकावे आणि कारण विचारावे, एवढी शिकवण त्यांना घरून मिळाली तरी पुष्कळ झाले. दुसरे असे की जुने देऊळ उतरवताना दगडांवर क्रमांक घालण्याची चाल आहे, ती याच शहाणपणाची. परंतु काम संपले की क्रमांक पुसले जातात आणि कागद गहाळ होतात. कोणत्याही गावाने सार्वजनिक वास्तूचे काम केले, की ते प्रत्यक्ष जसे झाले तसे नकाशे काढून घ्यावेत. पाया किती खोल गेला, पाण्याची व विजेची नळी भिंतीतून कोठून नेली, गच्चीवर कोणते थर घातले, कोणता दगड बदलला आणि का बदलला, हे त्यांत नोंदवावे. कामाची छायाचित्रे तारखेसह ठेवावीत. एक प्रत संगणकात असावी, एक कागदावर दप्तरात असावी, आणि एक गावाबाहेर सुरक्षित ठिकाणी असावी.

पन्नास वर्षांनी पुन्हा कधी गच्चीला ओल येईल, कोणी तरी दप्तर उघडील आणि त्याला आजच्या माणसांनी लिहून ठेवलेले कारण वाचावयास मिळेल. त्याच्या पायाला ती ठेच लागणार नाही. पुढच्याच्या ठेचेने मागचा शहाणा व्हावा ही म्हण खरी व्हायची असेल, तर पुढच्याने ठेच लिहून ठेवली पाहिजे आणि मागच्याने ती वाचली पाहिजे. वास्तू उभी करणाऱ्यांचे आणि ती सांभाळणाऱ्यांचे हात असे एकमेकांत गुंफलेले राहोत, एवढीच प्रार्थना.

॥ इति शुभम् ॥